चाकाखालचा नंबर

आईने तिच्या पहिल्या पगारातून बाबांना एक मनगटी घड्याळ घेतलं होतं. बाबा गेल्यावर ती रोज सकाळी त्याला चावी द्यायची, कानाला लावायची आणि मगच चहा ठेवायची. गेल्या महिन्यात ते बंद पडलं. डोंबिवलीतल्या आमच्या घरात ती रोज ते नुसतंच हातात घेऊन बसायची. मला ते बघवेना.

दुरुस्तीचं मी मनावर घेतलं. झाकण उघडून मशीनवरचा नंबर टिपला, इंटरनेट पालथं घातलं आणि त्या नंबराला जुळेलसा सुटा भाग मागवला. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याची मला जुनी खोड आहे. तो भाग घेऊन मी नौपाड्यातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. बाबाही त्यांच्याकडेच जायचे.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. "अरे, हा लांबलचक नंबर नुसता त्या एका नगाचा. मशीन कुठल्या प्रकारचं, ते इथे बघायचं, बॅलन्सच्या चाकाखाली." तिथे मुंगीएवढे तीन आकडे होते. "आणि हे मशीन या घड्याळाचं नाहीच आहे. कंपनीच दुसरी."

मी तापलो. बाबांना कोणीतरी चक्क फसवलं होतं. काकांनी झाकण उलटं केलं. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरून ठेवतो. "ही खूण माझीच," ते म्हणाले. "तुझे बाबा गणपती विसर्जनाला घड्याळासकट खाडीत उतरलेले. खाऱ्या पाण्याने मशीन गंजलं. मला म्हणाले, वरून तेच दिसू दे, आत काहीही बसवा, पण घरी कळता कामा नये. तिला वाईट वाटेल."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बाबांना साधी थापसुद्धा धड मारता येत नसे, आणि हे गुपित ते आयुष्यभर मनगटावर बांधून फिरले. मला त्यांची फार आठवण आली.

काकांनी योग्य भाग मिळवून घड्याळ चालू करून दिलं. आईला काही सांगायचं नाही, हे मी परततानाच ठरवलं.

तिने चावी दिली, घड्याळ कानाला लावलं. "आतलं सगळं तेच आहे ना रे?"

"हो, तेच," मी म्हणालो.

ती बराच वेळ ऐकत राहिली. "त्या विसर्जनानंतर टिकटिक बदलली, तेव्हा मी त्यांनाही विचारलं होतं," ती म्हणाली. "तेही म्हणाले, हो, तेच. आणि असेच दुसरीकडे बघत होते."