स्वतःच्या तोंडानं वाचा

भोरच्या कोर्टासमोर बसणारे माझे वकील कुणाशी वाद घालत नाहीत. काहीही सांगा, चष्मा कपाळावर चढवून "बरं, पुढे?" एवढंच विचारतात. मी जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. असा माणूस मला सोपा वाटला. वेल्ह्याहून तीनदा त्यांच्याकडे गेलो आणि घटस्फोटाच्या अर्जात बायकोचे दोष भरत गेलो. ट्रॅक्टरचा भाव पाडून मागताना इंजिनाची नसलेली गळतीही मी दाखवतो, तसंच. दोष जास्त, तर पोटगी कमी.

सहीच्या दिवशी त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. सहीआधी प्रत्येकाला आपला अर्ज मोठ्यानं वाचायला लावायची त्यांची रीत आहे.

"तुमी लिवलंय, तुमीच वाचा की सायेब," मी तडकलो.

"सांगितलंय तुम्ही. उद्या कोर्टात तुमच्या पत्नीसमोर तुम्हालाच सांगायचंय."

मी वाचू लागलो. 'अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची तिने कधीच सेवा केली नाही,' इथं थांबलो. आईच्या तोंडात शेवटचं पाणी तिनंच घातलं होतं. मी तेव्हा गिऱ्हाइकाशी घासाघीस करत बसलो होतो.

वकिलांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून माझ्यापुढं ठेवलं.

मी ती ओळ खोडली. मग वरची, मग खालच्या दोन. शेवटी एकच खरी तक्रार उरली. चार माणसांत बायको मला खोटारडा म्हणाली होती.

"बरं," वकील म्हणाले, "पुढे?"