चिंचवाले रामटेके

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये रामटेके आडनावाची घरं बरीच होती. आमचा पत्ता विचारत कुणी आलं की लोक उलट विचारायचे, "कोनते रामटेके? चिंचवाले काय?" चिंचवाले म्हणजे माझे यजमान, प्रवीण. त्यांचा चिंचेचा धंदा नव्हता हो. दुर्गच्या एका खासगी कॉलेजात ते कंत्राटावर रसायनशास्त्र शिकवायचे आणि तिशी उलटल्यावर पीएचडी करत होते. आता आम्ही दुर्गलाच, पद्मनाभपुरात राहतो. घर स्वतःचं आहे, फरशी पांढरीशुभ्र आहे. तरी मला त्या क्वार्टरच्या चिकट ओट्याची इतकी आठवण येते की माझा मलाच राग येतो.

लग्न होऊन भंडाऱ्याहून आले, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही एवढं शोधता तरी काय? त्यांनी दारातल्या चपला उचलून माझ्यापुढे धरल्या. "हे पाह्य दामिनी, दोन्ही चपला सारख्याच ना? पन डावी उजव्या पायात जाते काय? औषधाचे रेणू बी असेच रायतात. आंगाले उजवीच लागते, अन् बनवाले गेलं का अर्ध्या डाव्या अन् अर्ध्या उजव्या बनतात. मले फक्त उजवी बनवाची हाय." नव्या नवरीला नवऱ्यानं चपला दाखवल्या, हे मी माहेरी कुणाला सांगितलं नाही.

एकाच बाजूचे रेणू बनवायचे तर उत्प्रेरक लागतो. तो म्हणजे विरजणच. चिमूटभर घालायचं आणि सगळ्याला वळण लावायचं. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी फार महागडे धातू वापरतात. यांच्या कॉलेजात पंखासुद्धा ढकलल्याशिवाय फिरत नव्हता, धातू कुठून येणार? म्हणून यांनी चिंच धरली. चिंचेतलं आम्ल निसर्गानंच एका बाजूचं करून ठेवलेलं असतं. त्यापासून उत्प्रेरक बनवायचा, धातूला हातच लावायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता.

मग काय, सुपेल्याच्या बाजारातून बस्तरच्या चिंचेची पोती स्कूटरवर यायला लागली. मी आणि माझे सासरे आनंदराव अंगणात बसून चिंच कोळायचो. त्या पाण्यात खायचा चुना पडला की तळाशी पांढरा साका बसायचा, तो वाळवून हे कॉलेजात न्यायचे. उरलेला चोथा शेजारणी पितळी भांडी घासायला घेऊन जायच्या. शेजारच्या तेलुगू काकू तर सांबाराचं भांडं घेऊन सरळ आमच्या दारात उभ्या राहायच्या. मामाजी, म्हणजे सासरे, चिंचोके भाजून खिशात ठेवायचे आणि दिवसभर कुडुमकुडुम चावायचे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये जन्म घालवलेला माणूस तो, दात पोलादाचे होते.

मामाजींना शिक्षणाचं वेड होतं. त्यांचे वडील गोंदियाकडून मजुरीला आले, मामाजी मॅट्रिक होऊन मिलमध्ये लागले, आणि आता पोरगा डॉक्टर होणार. पाण्याच्या टाकीपासून मैदानापर्यंत एकही माणूस त्यांनी हे सांगायचा सोडला नव्हता. तब्येत ढासळत चालली होती, पण औषधाची आठवण केली की म्हणायचे, "मी काई मरत नाई बाप्पा. पयले याच्या नावापुढं डॉ. लागू दे."

आणि एके वर्षी यांना जमलं! त्यांच्याकडे एक नळीचं यंत्र होतं, त्यातून प्रकाश कुठल्या बाजूला वळतो ते दिसायचं, त्यावरून रेणू डावे बनले की उजवे ते कळायचं. त्या दिवशी तो हव्या त्याच बाजूला असा वळला की हे कॉलेजातून घरी येईपर्यंत स्कूटरवर गात आले म्हणे. यांचा गळा मला ठाऊक आहे, सुपेला चौकातल्या लोकांची मला दयाच आली. मग पेपर छापून आला. गाईडसरांनी पाठ थोपटली. प्रबंध द्यायच्या आधी युनिव्हर्सिटीत सगळ्यांसमोर मांडणी करायची असते, तिची तारीखही ठरली.

तेवढ्यात कॉलेजातल्या साक्षी नावाच्या मुलीनं, ती यांच्या हाताखाली शिकत होती, तोच प्रयोग करून पाहिला. काहीच झालं नाही. पुन्हा केला, पुन्हा शून्य. चिंच तीच, माप तेच. हे शेजारी उभे राहिले, तरी शून्य. मग यांनी स्वतः केला तर पहिल्यासारखाच मस्त. साक्षी रडकुंडीला आली. "सर, मेरे हाथ में ही कुछ खराबी है," म्हणाली.

हातात काही नव्हतं. एकेक वस्तू अदलाबदल करून पाहिल्यावर कळलं, फरक कांडीचा होता. रसायन ढवळायला भांड्यात चुंबकाची एक छोटी पांढरी कांडी टाकतात. साक्षीची नवीन होती. यांची जुनी, थोडी काळवंडलेली. हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत हे दोन महिने शिकायला गेले होते, तिथल्या टाकाऊ सामानातून मागून आणलेली. त्या रात्री हे जेवताना मला म्हणाले, "तुह्या मायच्या घरी ते दह्याचं जुनं मडकं हाय ना?"

आहे की. आई त्यात नुसतं दूध ओतते, विरजण लावावं लागत नाही. मडक्याच्या अंगातच ते मुरलेलं असतं.

"मंग तसंच असन," हे म्हणाले. "त्या कांडीत तिकडचा धातू मुरला असन. चिंचेनं वळन लावलं, पन काम त्या धातूनं केलं. अन् मी छापून बसलो का धातू लागतच नाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मंग आता?"

"कांडी तेजाबात उकळतो. धातू असन तर निंगून जाईन. त्याच्यावरबी प्रयोग झाला तर माही चिंच खरी."

"अन् नाई झाला तं?"

हे भात कालवत राहिले. मला राहवलं नाही. "कावून धुता जी? चालून राहिलं ना? चालू द्या ना मंग! हात दाखवून अवलक्षण कावून करता? तिकडं मामाजी दिवस मोजून राहिले."

"दुसऱ्याच्या हातून होत नाई ना दामिनी," ते हळूच म्हणाले. "उद्या कोनी पोरगी माहा पेपर वाचून वर्षभर घासत बसन, अन् तिले वाटन का आपल्याच हातात खराबी हाय."

मी ताट आपटून उठले. खूप राग आला होता, आणि ते बरोबर बोलत होते याचा तर जास्तच.

त्यांनी कांडी तेजाबात उकळली. ती नव्यासारखी पांढरी झाली आणि प्रयोग मेला. प्रकाश ना डावीकडे वळला, ना उजवीकडे. गाईडसर फोनवर ओरडले ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. मूर्खपणा आहे, मांडणी होऊ दे, नंतर बघू, असं म्हणत होते. पण मामाजींना सांगायचा धीर ना यांना झाला, ना मला.

मांडणीच्या दिवशी मामाजी पहाटेच तयार झाले. कडक इस्त्रीचा शर्ट घातला, हातात पेढ्यांचा डबा. "तुम्ही थकाल, घरीच राहा," म्हणून पाहिलं, पण ऐकतात कुठे! आम्ही मागच्या रांगेत बसलो. हे उभे राहिले आणि आधी चिंच, मग कांडी, मग तेजाब, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले की माझा दावा चुकीचा आहे, पेपर मी परत घेतो, प्रबंधही आज देत नाही. सगळं इंग्रजीत. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मामाजींनी मला कोपरानं ढोसलं, "का म्हनते तो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण त्या माणसाशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. ते डबा मांडीवर घेऊन समोर बघत राहिले. यांची नोंदणीची मुदत संपत आली होती, ती वाढवून मिळायची नाही हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे डॉक्टर होणं संपलंच.

परतताना बसमध्ये हे खिडकीशी, मध्ये मामाजी, कडेला मी. हे शेवटी कसेबसे म्हणाले, "बाबा, माफ करजा."

मामाजींनी मान हलवली. "आमच्या मिलमंदी रेल बनली का तपासत होतो. बाहेरून चकाचक दिसे, आतून बारीक चीर निंगे. कितीबी लंबी असो, कापून परत भट्टीत. पेंट मारून कोनी धाडत नव्हतं. तिच्यावरून मानसं जातात ना बाप्पा." मग त्यांनी डबा उघडला आणि पहिला पेढा यांच्या तोंडात कोंबला. हे चावतही होते आणि रडतही होते. मी तोंड फिरवून कंडक्टरकडे बघत बसले, कारण माझंही तेच चाललं होतं.

मामाजी त्यानंतर चार वर्षं जगले. हे कॉलेजात कंत्राटावरच राहिले, पुढे शिकवण्या घेतल्या, त्यातूनच हे घर झालं. डॉक्टर कुणी म्हटलं नाही, त्यांनीही कधी हळहळ केली नाही. हळहळ मी करायची, तेही भांडी आपटत. पण मामाजींचं वेगळंच. चहाच्या टपरीवर नवीन माणूस दिसला की हात धरून यांना पुढे करायचे.

"हा माहा पोरगा. पीएचडी भेटून राहिली होती याले. यानं वापस केली."

समोरचा गोंधळून विचारायचा, "वापस? कावून?"

मग मामाजी त्याच्यासाठीही एक चहा सांगायचे, बाकावर जागा करून त्याला बसवायचे आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे.