मांजर नसलेल्या घरातला जवळा

ये गं, अशी जवळ सरक. हे वाचताना तरी तोंड फिरवू नकोस. मोऱ्याच्या कोळीवाड्यातून इथं करंजाड्याला यायला समुद्र ओलांडावा लागतो का? गणपती गेले, दिवाळी गेली, तुझा पत्ता नाही. फोन केला की, ‘कामं हायेत बाय,’ आणि ठेवून देतेस. मोठ्या बहिणीवर एवढा राग धरतात? धरतात. धरायलाच हवा. झालं ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या तोंडून ऐक.

पावसाआधी तू आलीस. हातात पिशवी, त्यात तू स्वतः वाळवून, निवडून आणलेला जवळा. आमची नात लांब पल्ल्याचं पळते, म्हणून तिच्यासाठी. मी न् नात तुला घ्यायला खाली आलो. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची बाई शिरली, तिनं नाकाला रुमाल लावला. “कसला वास येतोय हो?”

आणि मी हसून म्हटलं, “अहो, मांजरीसाठी मागवलंय.”

मागवलंय! जशी तू कुणी सामान पोचवायला आलेली. तू वर आलीस. दारात पिशवी ठेवलीस न् एवढंच विचारलंस, “बाय, मांजर कुठं हाय गं तुझी?” चहासुद्धा न घेता गेलीस.

मी काय केलं? पिशवीवर पिशवी, तिच्यावर आणखी एक, अशी गाठ मारून माळ्यावर टाकली. शिजवला की जिन्यात वास जाईल ना! जन्म गेला ज्या वासात, त्याचीच लाज वाटायला लागली बघ, फ्लॅटमध्ये आल्यावर.

इकडे पोरीचे हाल. रविवारी पहाटे लांब पळून यायची, न् पुढे दोन-दोन दिवस पाय भरलेले. जिना उतरताना कठडा धरायची, माझ्यासारखी. मी आपली पोहे, चपाती, भात वाढतेय. पोट भरलं की झालं, असं मला वाटायचं. शेवटी तिच्या सरांनी पनवेलला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी सोबत गेले.

त्या वयानं लहानच, पण नीट समजावून सांगत होत्या. भात-चपातीवर पळायला जोर येतो, पण लांब पळताना स्नायू झिजतात, ते सांधायला प्रोटीन लागतं. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची माळ. त्यातली काही शरीर स्वतः बनवतं, काही बनवूच शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. आणि एकदम ढीगभर खाऊन भागत नाही, दिवसभरात प्रत्येक जेवणात थोडं थोडं हवं. मला आपले बाबा आठवले. जाळं फाटलं की दुरुस्तीला सूत लागायचं, नुसत्या हाताच्या जोरावर काय सांधणार? आणि मी पोरीला सूतच देत नव्हते.

बाईंनी विचारलं, “घरी मासळी खाता ना? अंडी, डाळी, दही? सुकी मासळी?”

पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुका जवळा आहे. पण तो आमच्याकडे मांजरीला घालतात.”

“अरे वा, किती मांजरी आहेत?”

“एकही नाही.”

बाई हसल्या. त्यांना वाटलं, पोर थट्टा करतेय. मला वाटलं, जमीन दुभंगावी. चपलांकडे बघत बसले. पुढे त्या सांगत होत्या, सुकी मासळी चांगली, फक्त भिजवून दोनदा धुवा, मीठ फार असतं. मी मान हलवली.

घरी आल्याबरोबर माळ्यावरची पिशवी काढली. गाठी सोडल्या तर आत पावसाची ओल, जवळ्यावर बुरशी. तुझी उन्हातली मेहनत कचऱ्यात टाकली गं मी. पोरगी दारात उभी होती. पाठ फिरवून निघून गेली, तुझ्यासारखीच.

आता ती अंडी, डाळ, दही वेळच्या वेळी खाते. पाय पुष्कळ सुधारलेत. पण माझ्याकडे बघते ती अजून त्या लिफ्टमधूनच. माफी मागायला गेले तर म्हणते, “माझी कशाला? मावशीआजीची माग.”

तर मागते. लिफ्टमधल्या त्या शेजारणीला मी मागेच सांगितलं, घरात मांजर नाही, पिशवी घेऊन आलेली ती माझी सख्खी धाकटी बहीण होती. तिचं तोंड एवढंसं झालं, माझं त्याहून लहान. येत्या रविवारी पोर पळून यायच्या वेळेला ये. मी खाली उभी राहीन, पिशवी मी धरीन. जवळा आणलास तर तुझ्यासमोर कांद्यावर परतीन, दार सताड उघडं ठेवून. नाही आणलास तरी ये. पण लवकर ये गं.