इस्पितळावरचं बाहुलं

दुपारी आमच्या खासबागेत घरोघरी माग चालू असतात. त्या खटखटीत मला डुलकी लागते आणि डुलकीत मी लेकीनं उभारलेल्या इमारतींतून फिरतो. तिथं धूळ नाही, सिमेंटचा वास नाही, पायाखाली खडी करकरत नाही. खांब आधी हवेत उभे राहतात, पाया मागाहून येतो. भिंतीला टेकायला जावं तर पाठ आरपार जाते. जाग येते तेव्हा लेक पाठमोरी बसलेली असते आणि तेच खांब तिच्या पडद्यावर सावकाश फिरत असतात. झोप कुठं संपली ते मला कळत नाही.

मी गवंडी. चौथीत बसलो, उठलो, पुन्हा गेलो नाही. संकेश्वरापासून निपाणीपर्यंत माझ्या ओळंब्यानं उठलेली घरं उभी आहेत, ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं. लेक इंजिनेर झाली. तिच्या कामाला बीआयएम म्हणतात. त्याचा लांब अर्थ तिनं सांगितला होता, मी तो ठेवून घेतला नाही. मला कळलं ते एवढं, की इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरात पुरी बांधायची, नळ, वायरी, गार हवेची नळकांडी सगळ्यासकट. नळ तुळईला धडकला की तिथं तांबडं दिसतं. मग नळ हलवायचा, म्हणजे खऱ्या जागेवर तुळई फोडायची पाळी येत नाही. हे मला पटलं. मी कधी कुणाला तुळई फोडू दिली नाही.

गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा आख्खी इमारत एकटीच्या जबाबदारीवर मिळाली. समुद्रापलीकडच्या वाळूच्या मुलखातलं इस्पितळ. पण तांबडं हटेना. एक नळ वर घ्यावा तर दुसरीकडं चार जागी पेटायचं. शेवटी तिच्या साहेबानं सांगितलं, सोमवारी बघतो, जमलं नसेल तर काम बेंगळूरच्या मंडळींना देतो. तेव्हापासून पोरगी ताटावर नुसती बसायची.

मी खाटेवरून त्या इमारतीकडं बघत राहिलो. बघता बघता मला दिसलं, काय नाही ते.

"बाहुलं कुठाय गं?" मी म्हणालो.

आमच्याकडं घर अर्धं उठलं की त्यावर नजरेचं बाहुलं बसवतात. जुन्या शर्टात भाताचं पिंजर भरायचं, डोक्याच्या जागी मडकं, तोंड रस्त्याकडं. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडते. ते बसल्याशिवाय मी वरच्या मजल्याला हात घातला नाही. आणि हे इस्पितळ तर देशोदेशीची माणसं रोज उघडून बघत होती.

"आप्पा, ते अजून खरं न्हाय. हवेत हाय," ती म्हणाली.

"हवेतल्याला नजर लई लवकर लागती."

ती चिडली. माझं काम तुम्हाला कळत न्हाय, म्हणाली. मीही चहा सोडला. दुसऱ्या दिवशी चुलीपासून लेकीच्या आईचा आवाज आला, "एक जेवंना, एक चहा पिईना. आता मीच जाऊन बसते त्या इस्पितळावर."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी. मग तिनं माणसाची एक आकृती घेतली, तिला पांढरा शर्ट चढवला आणि गच्चीच्या कडेला बसवली. मी मागं उभा राहून सांगत होतो, पाय खाली सोड, टोपी घाल, तोंड रस्त्याकडं कर.

त्यानंतर ती पडद्यासमोरून उठलीच नाही. रविवार सरता सरता पणत्या विझाव्यात तसं एकेक तांबडं विझत गेलं. नळांची उंचीच सगळी बदलली म्हणून, असं तिचं म्हणणं. असेल. बाहुलं बसल्यावर बदलली, एवढंच मी म्हणालो.

पण सोमवारी ते काढायचं राहिलं. साहेब पडद्यावर आला, त्यानं इमारत फिरवली आणि थांबला. गच्चीवर हा कोण बसलाय, असं हिंदीत विचारलं. लेकीचे कान लाल झालेले मला खाटेवरून दिसले. पोरीचं काम माझ्या हट्टानं गेलं, मला वाटलं.

तिनं पाठ सरळ केली. "माझे वडील गवंडी आहेत, सर. काम पुरं होईपर्यंत नजरेचं बाहुलं तिथं बसतं."

मग साहेब म्हणाला, फाइल पाठवायच्या आधी काढ. आणि त्यानं पडद्यावर इमारतीतले नळ उघडले. वर गेला, खाली आला, एकेका खोलीत शिरला. शेवटी म्हणाला, पुढचं तूच कर.

पुढं कितीतरी दुपारी मी डुलकीत त्या गच्चीवर गेलो. बाहुल्याच्या शेजारी पाय सोडून बसायचो. खाली लांबवर वाळू, वारा मात्र आपल्याकडचा, उसाच्या फडातून येतो तसला.

फाइल पाठवायच्या दिवशी मी अंघोळ करून उंबऱ्यावर नारळ फोडला. वास्तुशांतीला बाहुलं उतरवतात ते असंच. लेक बटणावर बोट ठेवून माझ्याकडं वळली.

"काढू?"

"आधी त्याच्या पाया पड."

ती पाया पडली आणि बटण दाबलं. मी बाहुलं उतरवायचो तेव्हा केसात पिंजर पडायचं, शर्ट पावसानं कुजलेला असायचा. इथं काहीच पडलं नाही. गच्ची मोकळी झाली आणि तिच्यावर त्या कॉम्प्युटरातलं ऊन पसरलं.

आता तिकडं पायाचे खरे खड्डे निघाले असतील. ती माणसं अर्ध्या इमारतीवर काय बसवतात, मी लेकीला विचारलं. विचारून सांगते, म्हणाली. अजून सांगितलेलं नाही. मी रोज विचारतो.