घरच्यांचं सोंग
ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणायचे. कुठलीही नवी वस्तू तयार झाली की पहिली शंका तिची. ती बोलायला उठली की पलीकडच्या टेबलावरचा डिझायनर ठरलेला विनोद करायचा, "बसा रे सगळे, ही काही लघुशंका नाही." सुरुवातीला तिला राग यायचा. चाळिशी उलटल्यावर बरं वाटायला लागलं होतं. दिवसभरात तिच्याशी कामाव्यतिरिक्त कोणी बोललंच तर एवढंच बोलायचं.

त्यांची कंपनी कुलपं बनवायची, फोनवरून चालणारी. ती तिथली मुख्य इंजिनिअर. नवं कुलूप तपासायची तिची एक पद्धत होती, तिला सगळे 'नाटक' म्हणत. कुलूप मीटिंगच्या खोलीच्या काचेच्या दाराला बसवायचं आणि एकेकानं एकेक सोंग घ्यायचं. कोणी चोर, कोणी खट्याळ पोर, कोणी वीज घालवणारा, कोणी आग लावणारा. हिशेब बघणारे गृहस्थ चोर इतका झकास करायचे की साहेब म्हणायचे, "याच्यावर लक्ष ठेवा रे, याला सराव दिसतोय."

'राखण' नावाचं कुलूप मात्र तिनं स्वतःच्या बाबांसाठी बनवलं होतं. आई गेल्यावर घरात दोघंच उरली आणि बाबांना विसर पडू लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरले, मग घराचा रस्ता, मग तिलाही. एकदा भर उन्हात अनवाणी बस डेपोत सापडले. 'राखण' आतून उघडत नसे. आत मूठ होती, पण बंद ठेवलेली, नुसती शोभेची. उघडायचं ते घरच्यांच्या फोनवरून. वीज गेली किंवा धूर झाला तर ते आपोआप उघडायचं. ती सगळी सोंगं नीट झाली होती. खोक्यावर छापलं होतं, 'चावी घरच्यांच्या हाती'. ते वाक्यही तिचंच. कुलपाला मागणी चांगली होती. आपल्यासारखीच कितीतरी घरं आहेत, असं तिला वाटायचं आणि तेवढंच एकटं कमी वाटायचं.

एक दिवस दुपारी दुरुस्तीला गेलेला मेकॅनिक परत आला.

"झालं का ते चौथ्या मजल्यावरचं 'राखण'?"

"झालं ताई. फोनशी जुळत नव्हतं. पण त्या घरात म्हातारं माणूस कोणी नाहीच."

"गावाला गेलं असेल."

"छे हो. नवरा-बायको, दोघंच. बाई असेल तिशीची. नवरा फोनवर बोलत आत गेला, तशी हळूच मला विचारते, दादा, हे आतून उघडायची काही युक्ती आहे का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? नाही म्हटलं. खरंच नाहीये ना!" त्यानं डबा उघडला. "लोक पण काय एकेक नमुने असतात."

तिनं दुरुस्तीच्या वहीतून तो पत्ता उतरवून घेतला. मग जिन्यात जाऊन तिनं महिलांच्या मदतीसाठी असलेल्या नंबरवर फोन लावला आणि पत्ता दिला. पलीकडची बाई म्हणाली, बघून येऊ. मग म्हणाली, "आतून उघडतच नाही? असलं कुलूप बनवतं तरी कोण?"

"एक कंपनी आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

चोराचा विचार झाला, पोराचा झाला, आगीचा झाला. घरच्यांचं सोंग कोणालाच दिलं नव्हतं. त्यात सोंग कसलं घ्यायचं? घरचे म्हणजे घरचे! तो शब्द लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. ती स्वतः.

पुढच्या मीटिंगला सगळे खोलीत बसल्यावर ती फोन घेऊन बाहेर गेली आणि काचेच्या दाराला बसवून ठेवलेलं 'राखण' लावून टाकलं.

"आज सोंग माझं," ती काचेपलीकडून म्हणाली. "मी घरचे."

"बरं, झालं नाटक. उघड आता," साहेब म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"म्हणजे?"

"कुठे जायचंय, कोणाबरोबर, परत कधी येणार?"

सगळे हसले. डिझायनर ओरडला, "ताई, या वेळी खरीच लघुशंका आहे!"

"मघाशी जाऊन आलास की."

हसू जरा ओसरलं. चोर करणारे गृहस्थ घड्याळाकडे बघत उठले. "ताई, मला मुलीला शाळेतून आणायचंय. चेष्टा नाही."

"नाही म्हटलं ना एकदा."

ते मूठ फिरवत राहिले. तिचा अंगठा फोनवर होता आणि आतली पाच माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. याला ताकद लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, हे तिला उमगलं. तिनं दार उघडलं.

गृहस्थ तिच्याकडे न बघता निघून गेले.

"मुद्दा कळला," साहेब म्हणाले. "पण आतली मूठ चालू केली तर म्हातारी माणसं बाहेर पडणार. मग हे कुलूप घेईल कोण? आणि तुझ्या बाबांचं काय?"

"दार उघडलं की फोन वाजेल. धावत जावं लागेल."

"तू इथे असलीस तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मूठ चालू झाल्याशिवाय मी पुढच्या मालावर सही करणार नाही."

साहेब बरेच दिवस फुगून बसले. मग वकिलाशी बोलले आणि तयार झाले. विकल्या गेलेल्या सगळ्या कुलपांना फोनवरूनच बदल गेला आणि शोभेच्या मुठी चालू झाल्या.

मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. ती स्वतः फोन घ्यायची. एक बाई रडत म्हणाली, "माझी आई हमरस्त्यावर सापडली. तुम्हाला घरी कोणी म्हातारं माणूस नाही का हो?" ऑफिसात तिच्याशी बोलणं कमी झालं. विनोदही बंद झाला. ती जेवायला आली की टेबलावरची माणसं भराभर डबे आवरायची.

एका सकाळी एका पुरुषाचा फोन आला.

"तुमच्या कुलपानं घात केला. बायको निघून गेली माझी!"

तिनं पत्ता विचारला. चौथा मजला.

"आजारी आहेत का त्या? काही विसरतात?"

"आजारी कशाला? चांगली ठणठणीत आहे!"

"मग कुलपात काही बिघाड नाही," ती म्हणाली.

तो बराच वेळ शिव्या देत होता. तिनं ऐकून घेतल्या. फोन ठेवल्यावर तिनं मान वर केली. हे कोणालातरी सांगायला हवं होतं. डिझायनरनं खुर्ची फिरवून घेतली. मेकॅनिक बाहेर कामावर होता.

आता ती दुपारीच घरी यायची. सकाळी बाबांजवळ एक बाई बसायची, नंतर ती. त्या संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि फोन वाजला. हात ओलेच ठेवून ती धावली. बाबा जिना उतरले होते. तिनं त्यांना हाक मारली नाही, दोन पावलं मागे राहून चालू लागली. कोपऱ्यावर ते थांबले आणि वळले.

"तुम्हीही इकडेच?"

"हो."

"रोज येता?"

"आता येत जाईन."

"मग बोलत बोलत जाऊ," बाबा म्हणाले आणि तिला आपल्या मुलीबद्दल सांगू लागले. मुलगी शाळेत होती. गणितात हुशार होती, पण वर्गात मैत्रिणी नव्हत्या, त्याची त्यांना काळजी वाटत होती. ओले हात ओढणीला पुसत ती ऐकत राहिली.