लेकुरवाळीच्या हातचं झबलं

अमळनेरला आमच्या गल्लीत मंदाबाईचं घर माझ्या घराला लागून होतं. मधली भिंत एकच. तिच्या शिलाई मशीनची खडखड थेट माझ्या उशाशी यायची, आणि दिवसभर शाळेत पोरांवर ओरडून घरी आलेली मी त्या आवाजावर फार करवादायचे. भिंतीवर मूठ आपटायचे. मशीन थांबायचं आणि थोड्या वेळाने जरा हळू सुरू व्हायचं. हळू चालवलं तर काम दुप्पट वेळ चालतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. नोकरदार माणसाला दुसऱ्याच्या कामाचा हिशोब कळत नाही.

गिरणी बंद पडली त्या वर्षी तिचा नवरा भाईदास सुरतेला मागावर कामाला गेला. पैसे कधी पाठवायचा, कधी नाही. घरात चार वर्षांची सुनंदा आणि दोन वर्षांचा जीवराम. मंदाबाईने पायातली चांदीची कडी मोडली, जुनं मशीन घेतलं आणि केवलचंद शेठच्या कापडदुकानात जाऊन उभी राहिली. तागे संपताना जे तुकडे उरत, ज्यात ब्लाऊजसुद्धा बसत नाही, ते शेठ तिला वजनावर द्यायचे. एवढ्याशा कापडात फक्त तान्ह्या बाळाचं झबलं निघतं. म्हणून ती झबली-टोपडी शिवू लागली. जीवरामला जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधायची, सुनंदा झबल्यांच्या बंदांना गाठी मारायची, आणि आठवडे बाजाराच्या दिवशी तिघं मिळून गोणपाट पसरून बसायची.

आमच्याकडे पाचवीच्या दिवशी बाळाच्या अंगावर पहिलं शिवलेलं झबलं चढतं, आणि ते लेकुरवाळीच्या हातचं असावं लागतं. जिची लेकरं सुखरूप आहेत, तिच्या हातचं. त्यामुळे गिऱ्हाईक कापड चाचपण्याआधी विचारतं, "बाई, लेकरं किती?" मंदाबाई शेजारच्या दोघांकडे बोट दाखवायची आणि नातवंडासाठी आलेली म्हातारी मागचापुढचा विचार न करता कमरेची पिशवी सोडायची.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिला तिसरा झाला, हिरामण. मांडीवर तो आणि पुढ्यात झबली. तेवढे महिने तिचा धंदा असा चालला की केवलचंद शेठ तिच्यासाठी तुकडे बाजूला काढून ठेवू लागले. पुढच्या जून महिन्यात हिरामणला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत तो गेला. सात महिन्यांचा होता. त्या रात्रीपासून तेरा दिवस भिंतीपलीकडून कसलाच आवाज आला नाही, आणि मला झोप आली नाही.

चौदाव्या दिवशी मशीन सुरू झालं. बायका म्हणाल्या, काळीज आहे का दगड? घरात पीठ आहे का, हे कुणी विचारलं नाही. बाजारात ती बसली तर बायका वळसा घालून जायच्या. तोंडावर कुणी बोललं नाही. "नंतर घेऊ वं," एवढंच. केवलचंद शेठने सांगून पाहिलं, "बाई, लहान लेकरांचं सोडा, परकर शिवा." पण परकराला ताग्यातलं कापड लागतं, तुकड्यात परकर निघत नाही. तिच्या हाताशी झबल्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

आता माझं सांगते. मला तेव्हा सातवा महिना होता. मंदाबाईने माझ्यासाठी पिवळ्या मलमलची दोन झबली शिवून आणली. म्हणाली, "बाई, तुमना बाळले." मी हसून घेतली. ती गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी टाकली. पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी मी! माझ्या प्रसादने पाचवीला जळगावच्या दुकानातलं झबलं घातलं. आमची कपडे वाळत घालायची दोरी दोघींच्या सामाईक अंगणात होती. वर्षभर तिने त्या दोरीवर रोज माझ्या मुलाचे कपडे पाहिले, आणि एका अक्षराने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने धुळ्याची वाट धरली. आठवड्यातून दोनदा पहिल्या एस.टी.ने जाऊन एका दवाखान्याच्या फाटकाशी बसायची. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. "लेकरं किती?" म्हटलं की "तीन" म्हणायची आणि खाली बघून घड्या घालायची. पुढचं कुणी विचारायचं नाही. घर पुन्हा चालू लागलं.

नव्वद सालच्या डिसेंबरात मला शिक्षण खात्याच्या कामासाठी धुळ्याला जावं लागलं. प्रसाद सव्वा वर्षाचा, अंगावर पिणारा, घरी ठेवणार कुणाकडे? त्याला घेऊन मंदाबाईच्याच गाडीत बसले. मंदाबाई म्हणाली, "मनापाशी ठेवा, तुमनं काम करी या." तासाभराने फाटकाशी परत आले तर प्रसाद तिच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चोखत बसलेला. पुढ्यात सोनगीरकडची एक म्हातारी उकिडवी बसली होती. लेकीची आधीची दोन बाळं गेलेली, आता तिसरं आत दवाखान्यात, चार दिवसांचं. म्हातारीने चार झबली निवडून हातात धरली होती.

"कितला पोरं शेतस वं तुले?"

"तीन."

म्हातारीने प्रसादचा गाल कुरवाळला. "हाऊ धाकला का? बठ्ठा जित्ता शेतस ना, माय? मनी पोरना दोन गयात, म्हनीसन इचारस."

सगळी जिवंत आहेत, एवढंच म्हातारीला ऐकायचं होतं; एक 'हो' पुरला असता. मांडीवर गुटगुटीत पोर होतं. मंदाबाईने प्रसादकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"ना, माय. हाऊ ह्या बाईसना शे. मना धाकला गया. दीड वरीस जया."

म्हातारीने झबली हळूच खाली ठेवली. मला ते बघवलं नाही. मी पुढे होऊन म्हणाले, "आजी, घ्या हो! माझ्या ह्या मुलाने हिच्याच हातचं पहिलं झबलं घातलंय. बघा कसा आहे!"

म्हातारीचा हात पुन्हा झबल्यांकडे गेला.

"नही घालं, माय," मंदाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "मी दिधं व्हतं, पन त्यासनी नही घालं."

म्हातारी माझ्याकडे बघू लागली. भर रस्त्यात माझं खोटं उघडं पडलं होतं. मंदाबाईच माझ्या वतीने बोलली, "भीती वाटनी त्यासले. माय शे ना ती."

म्हातारी रिकाम्या हाताने उठून फाटकातून आत गेली. त्या दिवशी मंदाबाईचं एकही झबलं विकलं गेलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. प्रसाद तिच्याच मांडीवर झोपला होता. माझ्या मनात शरम होती आणि थोडा रागही होता, कारण सुनंदाची शाळेची फी त्या आठवड्यात भरायची होती आणि ते मला ठाऊक होतं. मी विचारलं, "मंदाबाई, इतके दिवस निभावलंत. परवा पुन्हा याल, पुन्हा कुणी विचारेल. तेव्हा काय सांगाल?"

"तीन जयात, दोन शेतस. असंच सांगसू."

"आणि नाही घेतलं तर? सुनंदा-जीवरामला काय खायला घालाल?"

तिने प्रसादच्या तोंडावरची माशी वारली.

"दिवसभर बससू. कोनी ना कोनी ली," ती म्हणाली. "बाई, आज ती म्हातारीनी प्रसादना गालले हात लावा, आन मना तोंडमा 'हो' येल व्हतं. तीन म्हनू त्यामा तो ऱ्हाये; हो म्हनती तं हिरामणनी जागावर दुसरा बसता. सात महिना मना दूध पिना तो. झबलासाठे त्याले नही कसं म्हनू?"