पॉइंटानंतरचा दुसरा अंक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

तसं माझं छान चाललंय. धाराशिवला कॉलेजात आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. प्रोग्राम लिहायला मनापासून आवडतं. म्हणून मागच्या वर्षी लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात बोकडांच्या वजनाची स्पर्धा ठरली, तेव्हा काटा लॅपटॉपला जोडून वजनं पडद्यावर दाखवायचं काम मीच अंगावर घेतलं. वर फुशारकी मारली — पॉइंटानंतर म्हणाल तेवढे अंक दाखवतो.

ते जमलं नाही. मी वापरतो त्या भाषेत आकडा कसा छापायचा याचा साचा प्रोग्राम लिहितानाच पक्का करावा लागतो. चालू प्रोग्रामला ‘आता दोन अंक दाखव’ म्हटलं, तर ऐकत नाही. आठवडाभर डोकं आपटलं, भाषेला शिव्या घातल्या, आणि एकच अंक ठेवून दिला. कोण विचारणार होतं?

विचारलं. शेजारच्या सुभद्रा मावशींचा बोकड आणि खालच्या आळीतल्या तात्यांचा — दोघांचं वजन पडद्यावर सारखंच. पंच म्हणाले, “फुडचा अंक दाखव की.”

पूर्ण वजनं आत साठवलेली होती. प्रोग्राम थांबवायचा, साचा बदलायचा, पुन्हा चालवायचा — एवढंच. पण मग आधी जमलं नव्हतं, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं. आणि वडील तिथंच उभे. येईल त्याला सांगत होते, “आमच्या पोरानं केलंय, व्हय!”

मी म्हणालो — काटाच तेवढं दाखवतो.

चिठ्ठी टाकली. तात्या जिंकले, बक्षिसाची ढाल त्यांना मिळाली. मावशी हसल्या, “ढालीत काय वैरण घालायचीय व्हय?” पण बोकडाच्या गळ्यातला नवा गोंडा त्यांनी तिथंच सोडला आणि पिशवीत टाकला.

घरी येऊन मी दुसरा अंक पाहिला. मावशींचा बोकड जड होता. मी लॅपटॉप बंद केला, जेवलो.

यंदा त्या अडचणीला वळसा घालायची वाट सापडली. सगळे साचे आधीच लिहून ठेवायचे, ऐन वेळी हवा तो निवडायचा. किती सोपं! पडद्यावर दोन अंक उमटले तेव्हा मी खूश होतो — खरंच खूश होतो. यंदा मावशींचा बोकड तिसरा आला. त्या माझ्याजवळ आल्या, काट्यावर हात फिरवला.

“ह्यो नवा काटा लई गुणाचा हाय, बाळा. मागला आंधळाच व्हता.”

काटा तोच आहे.

“व्हय, मावशी,” मी म्हणालो.